इमारत उभी राहण्यापूर्वीची समीक्षा : एडा लुईज हक्स्टेबल यांची कारकीर्द

वर्तमानपत्री समीक्षेचे जे प्रकार आपल्या परिचयाचे आहेत त्यांत समीक्षकाचा क्रम शेवटचा असतो. नाटक रंगमंचावर आले, पुस्तक छापून बाजारात आले, मैफल संपली, की मग तो लेखणी उचलतो. त्याचा अभिप्राय प्रतिकूल पडला तरी वाचकाचे फारसे बिघडत नाही. ते नाटक तो पाहत नाही, ते पुस्तक विकत घेत नाही. इमारतीच्या बाबतीत हा क्रम निरुपयोगी ठरतो. इमारत पुरी झाल्यावर तिच्यावर कितीही मार्मिक टीका केली तरी पुढची पन्नास-शंभर वर्षे ती जागची हलत नाही, आणि तिकीट न काढताही नागरिकाला तिचा प्रयोग रोज पाहावा लागतो. पाडून टाकलेल्या इमारतीवर लिहिणे म्हणजे तर मृत्युलेखच. तेव्हा वास्तुकलेवर दैनिकात लिहू इच्छिणाऱ्याला नकाशे कागदावर असतानाच लिहावे लागते, महापालिकेची बैठक भरण्याआधी लिहावे लागते, आणि सौंदर्यशास्त्राइतकाच जमिनीच्या भावाचा अभ्यास करावा लागतो. अमेरिकेतल्या दैनिकांना हा धडा ज्यांनी घालून दिला त्या एडा लुईज हक्स्टेबल यांच्या अर्धशतकाच्या लेखनप्रवासाकडे आम्ही येथे याच दृष्टीने पाहणार आहोत. सदर लिहून इमारत वाचवता येते का, आणि येत असेल तर कशाच्या बळावर, हा आमच्यापुढचा प्रश्न आहे.

हक्स्टेबलबाईंचा जन्म १४ मार्च १९२१ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. माहेरचे आडनाव लँडमन; वडील डॉक्टर. सेंट्रल पार्कच्या पश्चिम कडेच्या एका जुन्या, भारदस्त इमारतीत त्यांचे बालपण गेले. त्या जन्मभर याच शहराच्या राहिल्या. १९४१ साली हंटर कॉलेजातून पदवी घेतल्यावर त्यांनी काही काळ ब्लूमिंगडेल्स या मोठ्या दुकानात फर्निचर विकण्याचे काम केले. तेथेच गार्थ हक्स्टेबल या औद्योगिक अभिकल्पकाशी त्यांची ओळख झाली आणि १९४२ साली विवाह झाला. सीग्रॅम इमारतीतल्या प्रसिद्ध फोर सीझन्स उपाहारगृहाची भांडी या दांपत्याने मिळून घडवली होती. वस्तू हातात कशी बसते आणि कशी बनते, याची जाण बाईंच्या लेखनात सतत आढळते, ती अशा सहवासातून आलेली असावी असे आम्हांला वाटते.

लग्नानंतर न्यूयॉर्क विद्यापीठाच्या कलेतिहास विभागात त्यांनी पदव्युत्तर अध्ययन केले. १९४६ ते १९५० या काळात म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या वास्तुकला विभागात त्या साहाय्यक अभिरक्षक होत्या. तेथे त्यांना नेमणारे फिलिप जॉन्सन पुढे स्वतःच विख्यात वास्तुविशारद झाले. फुलब्राइट शिष्यवृत्तीवर त्या इटलीला गेल्या; पिएर लुईजी नेर्वी या काँक्रीटच्या किमयागार अभियंत्यावरचे त्यांचे पहिले पुस्तक १९६० साली निघाले. दरम्यान व्यावसायिक मासिकांतून त्या लिहीत होत्या. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी बांधकामावर, विशेषतः बिडाच्या ओतीव दर्शनी भागांच्या इमारतींवर त्यांनी तेव्हा लिहिले, जेव्हा अशा इमारतींना कोणी भंगारापलीकडे किंमत देत नव्हते. थोडक्यात, वर्तमानपत्रात येण्यापूर्वी त्यांच्या गाठी संग्रहालयाची शिस्त, इतिहासाचा अभ्यास आणि अभियांत्रिकीची ओळख एवढी शिदोरी होती.

इमारतींवर लिहिणारे त्यांच्याआधी कोणी नव्हते असे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात माँटगोमेरी स्कायलर या पत्रकाराने या विषयावर उत्तम लेखन केले होते. लुइस ममफर्ड यांचे 'द स्काय लाइन' हे सदर १९३१ पासून 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकात चालू होते आणि त्याचा दबदबाही मोठा होता. मात्र दैनिकांची गोष्ट वेगळी होती. तेथे नाटकाला, संगीताला, चित्रपटाला स्वतंत्र समीक्षक होते. इमारतींच्या बातम्या मात्र बहुधा स्थावर मालमत्तेच्या पानावर येत, म्हणजे जाहिरातींच्या शेजारी आणि बिल्डरने पुरवलेल्या मजकुराच्या आधारे. किती मजले, किती खर्च, कोणाचे भांडवल, एवढे सांगून बातमी संपे. १९५८ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या रविवार पुरवणीत हक्स्टेबलबाईंनी एक लेख लिहिला. त्याचा आशय असा, की ज्या कलेकडे दुर्लक्ष करणे समाजाला मुळीच परवडणारे नाही, नेमके तिच्याचकडे आपण दुर्लक्ष करतो. पाच वर्षांनी त्याच पत्राने हे पद निर्माण केले. १९६३ साली बाई 'टाइम्स'च्या वास्तुसमीक्षक झाल्या. अमेरिकेतल्या दैनिकात अशी पूर्णवेळ नेमणूक ही पहिलीच.

त्याच वर्षी न्यूयॉर्कचे पेनसिल्व्हेनिया स्टेशन पाडायला सुरुवात झाली, आणि या योगायोगाने बाईंच्या पुढच्या सगळ्या लेखनाला दिशा दिली. १९१० साली पुरे झालेले हे स्थानक मॅकिम, मीड अँड व्हाइट या संस्थेने रचले होते. त्याच्या प्रतीक्षालयाची कल्पना प्राचीन रोममधल्या काराकालाच्या स्नानगृहांवरून घेतली होती. त्याच्यापलीकडच्या फलाटांच्या दालनावर लोखंड आणि काचेचे छत होते. मोटारी आणि विमाने आल्यावर रेल्वे कंपनीला तोटा होऊ लागला. तिने स्थानकावरच्या मोकळ्या अवकाशाचे हक्क विकले. वर मॅडिसन स्क्वेअर गार्डन हे क्रीडागार आणि कचेऱ्यांचा मनोरा उभा राहायचा, आणि स्थानक जमिनीखाली जायचे, असा व्यवहार ठरला. १९६२ च्या ऑगस्टमध्ये काही वास्तुविशारदांनी रस्त्यावर उतरून निदर्शने केली. उपयोग झाला नाही. हे पाडकाम रोखणारा कायदाच अस्तित्वात नव्हता. नियोजन आयोगापुढे प्रश्न आला तोही नव्या क्रीडागाराला परवानगी द्यावी की नाही एवढाच. जुन्या स्थानकाच्या जिवाचा प्रश्न त्याच्या अधिकारात येतच नव्हता.

बाईंनी ही मेख ओळखली होती. १९६३ च्या मे महिन्यात, नेमणूक होण्याच्या आधीच, शहराची हत्या कशी करावी अशा मथळ्याचा लेख त्यांनी 'टाइम्स'मध्ये लिहिला. ऑक्टोबरच्या अखेरीस पाडकाम सुरू झाले तेव्हा त्याच पत्रात स्वाक्षरीविना एक अग्रलेख आला. तो बाईंचाच असल्याचे मानले जाते. त्यात एकट्या रेल्वे कंपनीला दोष दिलेला नव्हता. समाजाला जे हवे असते आणि ज्याचे मोल तो द्यायला तयार असतो तेच त्याला मिळते, आणि पुढच्या पिढ्या आपली पारख करतील ती आपण उभारलेल्या वास्तूंवरून न करता आपण पाडलेल्या वास्तूंवरून करतील, असा त्याचा सूर होता. पाडकाम तीन वर्षे चालले. खांबांचे आणि शिल्पांचे पुष्कळसे तुकडे न्यू जर्सीच्या दलदलीत भराव म्हणून टाकले गेले. १९६६ साली बाईंनी त्यावरही लिहिले.

ही लढाई त्या हरल्या. हरलेल्या लढाईचा पुढे उपयोग कसा झाला, हे मात्र पाहण्यासारखे आहे. १९ एप्रिल १९६५ रोजी महापौर रॉबर्ट वॅग्नर यांनी न्यूयॉर्कच्या वास्तुवारसा संरक्षण कायद्यावर सही केली आणि एका आयोगाला इमारती संरक्षित ठरवण्याचा अधिकार मिळाला. कायद्यासाठी झटणारे लोक पुष्कळ वर्षे काम करीत होते. पेन स्टेशनच्या मृत्यूने त्यांच्या बाजूला लोकमत आणले, आणि त्या लोकमताला शब्द देण्याचे काम बाईंच्या लेखनाने केले. १९६७ साली ग्रँड सेंट्रल हे शहरातले दुसरे मोठे स्थानक संरक्षित जाहीर झाले. लगेच दुसऱ्या वर्षी त्याच्या डोक्यावर मार्सेल ब्रॉयर यांनी रचलेला पंचावन्न मजली मनोरा बांधण्याचा प्रस्ताव आला. आयोगाने परवानगी नाकारली. रेल्वे कंपनी न्यायालयात गेली. १९७८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा मतांनी शहराच्या बाजूने निकाल दिला. आज ग्रँड सेंट्रल उभे आहे याचे श्रेय कायद्याला, वकिलांना आणि जॅकलिन केनेडी ओनॅसिस यांच्यासारख्या पुढाऱ्यांना जाते. पण खासगी मालकीच्या इमारतीत सार्वजनिक हितसंबंध असू शकतो, ही कल्पना न्यायालयात सिद्ध होण्याआधी पंधरा वर्षे वर्तमानपत्राच्या पानांवर रुजवावी लागली होती, हे विसरता येत नाही.

बाईंच्या लेखनपद्धतीचे मर्म येथेच आहे. दर्शनी भागाचे वर्णन करून त्या थांबत नसत. इमारत अशी का झाली, हा प्रश्न त्या विचारीत, आणि त्याचे उत्तर पुष्कळदा वास्तुविशारदाच्या टेबलावर न सापडता महापालिकेच्या नियमावलीत सापडे. आपल्याकडे 'एफएसआय' हा शब्द आता किराणा दुकानातही ऐकू येतो. न्यूयॉर्कने १९६१ साली नवी नियमावली करून चटईक्षेत्राला अशीच मर्यादा घातली. सर्वाधिक दाटीच्या भागात भूखंडाच्या पंधरा पट बांधकाम करता येई. इमारतीपुढे लोकांसाठी मोकळे आवार सोडले तर ही मर्यादा अठरा पटींपर्यंत वाढे. हेतू चांगला होता. फळ असे मिळाले, की रस्त्याची सलग रेषा तुटली, आणि बसायला बाक नसलेली, वाऱ्याने झोडपलेली फरशीची पटांगणे जागोजाग तयार झाली. बिल्डरांना मजले मिळाले. सुंदर-कुरूप या शब्दांनी या व्यवहाराचे आकलन होत नाही. कोणाला किती क्षेत्रफळ फुकट मिळाले आणि शहराला बदल्यात काय मिळाले, हा हिशेब मांडावा लागतो. बाईंनी तो सामान्य वाचकाला समजेल अशा भाषेत मांडला, आणि गगनचुंबी इमारतीचा आकार ठरवताना अर्थकारणाचा हात कलावंताच्या हातापेक्षा मोठा असतो, हे पुन्हापुन्हा सांगितले.

वर्ल्ड ट्रेड सेंटरविषयीचा त्यांचा १९६६ चा लेख या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. मिनोरू यामासाकी यांचे एकशे दहा मजल्यांचे जुळे मनोरे तेव्हा केवळ प्रतिकृतीच्या रूपात होते. बाईंनी प्रकल्पाला सरसकट विरोध केला नाही. उंचीचे त्यांना भय नव्हते. मात्र हे मनोरे गगनचुंबी इमारतींच्या नव्या युगाची नांदी ठरतील, किंवा जगातले सर्वांत मोठे थडग्यांचे दगड ठरतील, अशी शंका त्यांनी बोलून दाखवली. २००१ नंतर हे वाक्य भविष्यवाणी म्हणून फिरू लागले. ते योग्य नव्हे. बाईंचा रोख प्रमाणबद्धतेवर आणि भोवतालच्या जुन्या वस्तीच्या मरणावर होता. ११ सप्टेंबरनंतर अवघ्या सहा दिवसांनी, १७ सप्टेंबर २००१ रोजी 'वॉल स्ट्रीट जर्नल'मध्ये त्यांनी जे लिहिले तिकडे भविष्य म्हणून अधिक लक्ष द्यायला हवे. दुःखाच्या उमाळ्यात मोठमोठ्या कल्पना मांडल्या जातील, आणि शेवटी राजकारणी व जमीनवाले यांच्या नेहमीच्या घासाघाशीतून त्यांची नेहमीची तडजोड होईल, असा त्यांचा अंदाज होता. पुढच्या दहा-बारा वर्षांत त्या जागेचे जे झाले ते पाहिलेल्याला हा अंदाज चुकला असे म्हणता येणार नाही.

हे सारे वाचून बाईंचे लेखन रुक्ष असेल असा कोणाचा समज होऊ नये. त्यांची वाक्ये आखूड, टोकदार आणि अनेकदा खट्याळ असत. एडवर्ड ड्युरेल स्टोन यांनी रचलेल्या, कोलंबस सर्कलवरच्या संगमरवरी संग्रहालयाला १९६४ साली त्यांनी लॉलिपॉपांवर उभ्या केलेल्या, साच्याने कापून काढलेल्या व्हेनिसच्या महालाची उपमा दिली. 'लॉलिपॉप बिल्डिंग' हे नाव त्या इमारतीला जे चिकटले ते कायमचे. वॉशिंग्टनमधले केनेडी सेंटरही स्टोन यांचेच. १९७१ साली ते उघडल्यावर त्यात बाईंना मिठाईचा खोका आणि शवपेटिका यांचा संकर दिसला. पुस्तकांना त्यांनी दिलेली नावेही अशीच : 'विल दे एव्हर फिनिश ब्रुक्नर बूलवार्ड?' (१९७०), 'किक्ड अ बिल्डिंग लेटली?' (१९७६). पहिल्या नावात रखडलेल्या रस्त्याने गांजलेल्या नागरिकाचा उसासा आहे. दुसऱ्यात, मोटारीचे चाक लाथेने तपासून पाहणाऱ्या गिऱ्हाइकाने इमारतही तशीच तपासावी असे आमंत्रण आहे. १९६८ साली 'न्यूयॉर्कर'मध्ये ॲलन डन यांचे एक व्यंगचित्र आले. इमारतीचे बांधकाम जेमतेम सुरू झाले आहे आणि वर्तमानपत्र हातात घेतलेला माणूस सांगतो आहे, की हक्स्टेबलबाईंना ही आत्ताच आवडलेली नाही. आमच्या मते बाईंना मिळालेली ही सर्वांत अचूक दाद होय. समीक्षा इमारतीच्या आधी पोचली पाहिजे, हे त्या चित्रकाराने हसत हसत सांगून टाकले. दोनच वर्षांनी, १९७० साली, समीक्षेसाठीचे पुलित्झर पारितोषिक प्रथमच सुरू झाले आणि ते बाईंना मिळाले.

वेळेवर लिहिलेल्या लेखाने काय साधते याचे एक उदाहरण मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम या छोट्या बंदराच्या गावाचे आहे. सरकारी पैशाने होणाऱ्या 'नागरी नवीकरणा'त तेथल्या मध्यवस्तीतल्या अनेक जुन्या इमारती पाडून वाहनतळ आणि दुकाने करायचे घाटत होते. १९६५ साली बाईंनी त्यावर लिहिले आणि 'टाइम्स'ने तो मजकूर पहिल्या पानावर छापला. गावातले विरोधक तोपर्यंत एकटे होते. आता त्यांच्या बाजूने देशभर चर्चा झाली. पुढे योजना बदलली आणि पाडण्याऐवजी दुरुस्तीवर भर आला. येथेही गाव वाचवले ते गावकऱ्यांनीच. समीक्षकाने त्यांना एक गोष्ट दिली : आपण भाबडे स्मरणरंजन करीत नसून शहाणपणाचे बोलत आहोत, हा आत्मविश्वास.

जुन्या इमारतींसाठी इतके लिहिणाऱ्या बाईंना कोणी सनातनी समजेल तर ती मोठी गफलत ठरेल. त्या आधुनिकतावादी शिक्षणात वाढल्या होत्या आणि चांगल्या आधुनिक इमारतीचे कौतुक त्यांनी मन मोकळे करून केले. एरो सारिनेन यांची काळ्या ग्रॅनाइटची सीबीएस इमारत, केव्हिन रोश यांनी १९६७ साली पुरी केलेली, पोटात बाग असलेली फोर्ड फाउंडेशनची इमारत, ब्रॉडवेवरचा गॉर्डन बनशॅफ्ट यांचा सडसडीत काळा मनोरा, या साऱ्यांना त्यांनी दाद दिली. बॉस्टनच्या काँक्रीटच्या नगरभवनाचीही त्यांनी बाजू घेतली. सामान्य बॉस्टनकरांना ते भवन दशकानुदशके डोळ्यांत खुपत राहिले. ते पाडावे अशी भाषा महापौरांनीही केली. २०२५ साली त्याच शहराने त्याला संरक्षित वास्तूचा दर्जा दिला.

उलट, खोट्या जुनेपणाची त्यांना चीड होती. व्हर्जिनियातले कलोनिअल विल्यम्सबर्ग हे गाव रॉकफेलर यांच्या पैशाने अठराव्या शतकात 'परत नेण्यात' आले. त्यासाठी नंतरच्या काळातल्या शेकडो इमारती काढून टाकल्या आणि नष्ट झालेल्या जुन्या इमारती नव्याने बांधल्या. पर्यटकांना ते फार आवडले. बाईंनी साठच्या दशकातच त्याविरुद्ध मत नोंदवले. इतिहास एखाद्या सोयीस्कर वर्षी गोठवून बाकीचा पुसून टाकणे म्हणजे जतन नव्हे. शहर थरांनी बनते, आणि प्रत्येक थर खरा असला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. 'द अनरिअल अमेरिका' (१९९७) या पुस्तकात त्यांनी हा विचार विस्ताराने मांडला. जुने वाचवा आणि नवे चांगले बांधा, या दोन मागण्यांत त्यांना विरोध दिसत नसे. दोन्हींच्या मुळाशी अस्सलपणाचा आग्रह एकच होता.

या आग्रहाची कसोटी त्यांच्या म्हातारपणी लागली. लॉलिपॉपांची ती इमारत रिकामी पडली होती, आणि म्युझियम ऑफ आर्ट्स अँड डिझाइन या संस्थेला तिचे रूप पालटून ती वापरायची होती. टॉम वुल्फ यांच्यासारखे लेखक आणि वारसाप्रेमी मंडळी तिच्या रक्षणासाठी उभी राहिली. चाळीस वर्षांपूर्वी संरक्षणाची चळवळ जिच्या लेखणीने वाढवली, तिनेही आपल्या बाजूने उभे राहावे अशी त्यांची अपेक्षा असणार. २००४ साली बाईंनी लिहिले, की ही इमारत वाचवण्याचा उत्तम मार्ग म्हणजे तिचा कायापालट. आपण केलेल्या विनोदामुळेच ती लोकांना प्रिय झाली असली, तरी मूळची वास्तू सामान्य होती, असे त्यांचे मत कायम राहिले. २००८ साली ती नव्या रूपात उघडली. यात बाईंचे चुकले असे म्हणणारे आजही आहेत. एखादी इमारत उत्तम नसली तरी तिच्या काळाची साक्ष म्हणून ती ठेवावी, हा त्यांचा मुद्दा पोकळ नाही. विल्यम्सबर्गला लावलेला थरांचा न्याय बाईंनी येथे तितक्या उदारपणे लावला नाही, असे आम्हांलाही वाटते. तरीपण एक गोष्ट मान्य करावी लागेल : चळवळीच्या टाळ्यांसाठी त्यांनी आपला निर्णय बदलला नाही. समीक्षक आणि कार्यकर्ता यांच्यात फरक पडतो तो इथे.

मधल्या वर्षांचा वृत्तान्त थोडक्यात सांगण्याजोगा आहे. १९७३ साली त्या 'टाइम्स'च्या संपादकीय मंडळावर गेल्या. रविवारचे सदर चालू राहिले आणि दैनंदिन समीक्षेचे काम पॉल गोल्डबर्गर या तरुणाकडे आले. १९८१ साली मॅकार्थर फेलोशिप मिळाली आणि पुढच्या वर्षी त्यांनी 'टाइम्स' सोडला. गगनचुंबी इमारतींच्या इतिहासावरचे पुस्तक १९८४ साली आले, फ्रँक लॉइड राइट यांचे छोटेखानी चरित्र २००४ साली. १९८७ पासून २००५ पर्यंत त्या प्रिट्झकर पारितोषिकाच्या निवड समितीवर होत्या. नव्वदच्या दशकात मुंबईचे चार्ल्स कोरिआ काही वर्षे त्याच समितीवर त्यांचे सहकारी होते. मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनींचे काय करावे याचा आराखडा १९९६ साली ज्या समितीने दिला तिचे अध्यक्षही कोरिआच. त्या आराखड्याची वाताहत मराठी वाचकाला सांगायला नको.

१९९७ पासून बाई 'वॉल स्ट्रीट जर्नल'मध्ये लिहू लागल्या. त्यांचा शेवटचा लेख ३ डिसेंबर २०१२ रोजी तेथेच प्रसिद्ध झाला. विषय होता न्यूयॉर्कचे सार्वजनिक ग्रंथालय. फिफ्थ अव्हेन्यूवरची ही १९११ ची वास्तू कॅरेर आणि हेस्टिंग्ज यांची. तिच्या भव्य वाचनदालनाखाली लोखंडी कपाटांचे सात मजले आहेत; ती कपाटे पुस्तके पेलतात आणि दालनाची जमीनही पेलतात. ही कपाटे काढून टाकावीत, बरीचशी पुस्तके न्यू जर्सीच्या कोठारात हलवावीत, आणि रिकाम्या जागी नॉर्मन फॉस्टर यांच्या आराखड्यानुसार देवघेवीचे ग्रंथालय करावे, अशी योजना होती. तिचा खर्च तीस कोटी डॉलर सांगितला जात होता, आणि शेजारच्या शाखेची जागा विकून त्यातला काही भाग उभा करायचा होता. एक्क्याण्णव वर्षांच्या बाईंनी मूळ रचनेचा अभ्यास करून दाखवून दिले, की या वास्तूत सांगाडा आणि कार्य वेगळे काढता येत नाहीत. कपाटे काढणे म्हणजे तिचा अर्थच काढणे. अशा उत्तम कृतीला अद्ययावत करण्याची भाषाच त्यांना अमान्य होती. पाच आठवड्यांनी, ७ जानेवारी २०१३ रोजी, त्यांचे निधन झाले. विद्वानांचा विरोध, न्यायालयीन दावे आणि वाढत्या खर्चाचे अंदाज यांनी पुढे जोर धरला, आणि मे २०१४ मध्ये ग्रंथालयाने योजना सोडून दिली. शेजारची शाखा विकण्याऐवजी नव्याने सजवली गेली. कपाटे जागेवर राहिली. मात्र त्यांतली पुस्तके आधीच हलवली होती, आणि ती परत त्या कपाटांत न येता बहुतांशी ब्रायंट पार्कखालच्या भूमिगत कोठारात गेली. विजय झाला तो असा, अर्धामुर्धा.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. सदर लिहून इमारत वाचते का? बाईंच्या कारकिर्दीचा ताळेबंद मांडला तर एकट्या लेखाने वाचलेली इमारत एकही दाखवता येणार नाही. पेन स्टेशनच्या वेळी लेख होते, पण कायदा नव्हता, स्टेशन गेले. ग्रँड सेंट्रलच्या वेळी कायदा होता, न्यायालयात लढणारे होते, आणि जागे झालेले लोकमत होते, स्थानक राहिले. सेलममध्ये गावकरी होते, ग्रंथालयाच्या वेळी विद्वान आणि दावेदार होते. लेख या सगळ्यांच्या आधी येतो आणि त्यांना एकमेकांशी बोलता येईल अशी भाषा पुरवतो. त्याचे बळ एवढेच, आणि ते थोडे नाही. मात्र त्यासाठी तो वेळेवर यावा लागतो, त्यातला हिशेब पक्का असावा लागतो, आणि लिहिणाऱ्याला जाहिरातदारांची भीती न बाळगणारे वर्तमानपत्र पाठीशी असावे लागते. या तिन्ही गोष्टी एकत्र येणे दुर्मीळ. 'टाइम्स'सारख्या बलाढ्य पत्राचे व्यासपीठ नसते तर याच बाईंच्या याच शब्दांना इतके वजन आले असते का, ही शंका रास्त आहे.

मराठी वर्तमानपत्रांनी नाट्यपरीक्षणाची आणि संगीतसमीक्षेची थोर परंपरा घडवली. पडलेल्या नाटकाबद्दल आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चवीने बोलले जाते. वास्तूंवर मराठीत लिहिलेच गेले नाही असे नाही. किल्ले, लेणी, वाडे यांवर उत्तम पुस्तके आहेत. परंतु उद्या सकाळी आपल्या रस्त्यावर जी इमारत उगवणार आहे तिचा नकाशा आज वाचून दाखवणारे, तिला मिळालेल्या वाढीव चटईक्षेत्राच्या बदल्यात गावाला काय मिळाले हे विचारणारे नेमाने चालणारे सदर सहजासहजी आठवत नाही. १९९५ साली मुंबईत वास्तुवारशाची नियमावली झाली. देशातले हे या प्रकारचे पहिले मोठे पाऊल. वाडे पाडून इमारती उठवण्याचा सपाटा पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात त्यानंतरही चालूच राहिला, आणि या इमारतींची बातमी आपण बहुधा मालमत्तेच्या पुरवणीतच वाचली. तेथे मजल्यांची संख्या असते, पोहण्याचा तलाव असतो, हप्त्यांचे कोष्टक असते.

पेन स्टेशनच्या जागी आलेल्या तळघरातून लाखो प्रवासी पन्नासाहून अधिक वर्षे मान खाली घालून गेले. १ जानेवारी २०२१ रोजी समोरच्या जुन्या टपालकचेरीत, म्हणजे त्याच मॅकिम, मीड अँड व्हाइटच्या इमारतीत, काचेच्या छताचे नवे रेल्वेदालन उघडले. १९६३ साली जे मोडले त्याचा थोडासा अंश परत मिळवायला शहराला इतकी वर्षे आणि अब्जावधी डॉलर लागले. सार्वजनिक वास्तू गमावण्याची किंमत वसूल होते ती अशी, पाडणारे केव्हाच निघून गेल्यावर आणि ज्यांना कोणी विचारले नव्हते त्यांच्या नातवंडांकडून.